किनाऱ्यावरची यंत्रं आणि त्यांचे तडे

वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ साली झाली. ३० जून २००९ ला सेतू खुला झाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच्या आठही मार्गिका सुरू झाल्या. मधली दहा वर्षं आमच्या वरळी कोळीवाड्यासमोर बार्ज, क्रेन आणि पायलिंगच्या रिग यांची अखंड वर्दळ होती. सेगमेंट बसवणारा बाराशे टनांहून जड लॉन्चिंग ट्रस वांद्र्याकडून वरळीकडे हलवायला 'एशियन हर्क्युलिस' ही तरंगती क्रेन आली होती. एवढं वजन पाण्यावरून उचललं जाताना बघायला आम्ही पोरं वरळी किल्ल्याच्या बाजूला जाऊन उभी राहायचो. माझं वेल्डिंगचं आयुष्य घडलं ते याच काळात, पण पुलावर नव्हे. भाड्याने फिरणारी पोकलेन, लोडर आणि क्रेन दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा टोळीत मी शिकलो.

टोळीचे मिस्त्री लालबागचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेले जे अनेक फिटर-वेल्डर मिळेल त्या कामाला लागले, त्यांतले ते एक. हात अतिशय साफ. त्यांच्या वेल्डच्या रनवरची लहर मोजून आखल्यासारखी यायची. पण त्या वेळची दुरुस्तीची रीत म्हणजे भरून टाका आणि वर पट्टी मारा. बूमला तडा गेला की ग्राइंडरने वरवर घासायचं, दोन-तीन रन ओढायचे, वर चौकोनी प्लेट चारी बाजूंनी वेल्ड करायची आणि रंग मारून मशीन सोडून द्यायचं. महिन्या-दोन महिन्यांत तेच मशीन परत यायचं. नवा तडा पट्टीच्या अगदी कडेला असायचा. मालक म्हणायचा, वेल्डिंग टिकत नाही. वेल्ड टिकलेला असायचा, फाटलेली असायची त्याच्या शेजारची प्लेट.

हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि आजही बऱ्याच साइटवर ते कळलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बकेट दगडात घुसते, भरते, उचलते, रिकामी होते. दर फेरीला बूम वाकतो आणि सुटतो. दिवसात हजारेक फेऱ्या सहज होतात. एका फेरीचा भार लोखंडाला काहीच करत नाही, पण लाखो फेऱ्यांनी वेल्डच्या काठावर, जिथे रन संपून प्लेट सुरू होते तिथे, केसाएवढी रेघ पडते. तिथे आकार एकदम बदलतो, अंडरकट म्हणजे प्लेट वितळून पडलेली खाच असते, स्लॅगचा कण अडकलेला असतो आणि सगळा ताण तिथेच गोळा होतो. आडवी जाड पट्टी मारली की ती जागा आणखी ताठ होते आणि ताण पट्टीच्या कडेला जाऊन बसतो. पट्टी लावावीच लागली तर ती शंकरपाळीच्या आकाराची, टोकं बूमच्या लांबीच्या दिशेला करून कापायची, आणि टोकांवर भाराला आडवा वेल्ड घ्यायचा नाही.

वेल्डच्या अशा लहान चुकीची किंमत किती असू शकते, हे २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात दिसलं. 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म वादळात एक पाय तुटून उलटला. त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ जण गेले. चौकशीत तडा सापडला तो एका आधाराच्या नळीवर, पाण्यातला आवाज टिपणारं उपकरण बसवण्यासाठी जोडलेल्या तुकड्याच्या वेल्डमध्ये. तो फिलेट होता ६ मिलिमीटरचा. आमच्याकडे हायड्रॉलिक पाइपची क्लिप अडकवायला बूमच्या वरच्या प्लेटवर सर्रास लोखंडाचा तुकडा टॅक करतात. कुणी तसं करायला लागला की मी हात धरतो.

दुरुस्ती कशी असावी, याचं एक काम मनात पक्कं बसलंय. वीस टनी पोकलेनवर काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावला होता. हातोड्याच्या कंपनाने आर्मच्या पिनच्या बॉसजवळ तडा गेला होता. नुसत्या डोळ्यांना तो चार बोटं दिसत होता. आम्ही जागा चकचकीत साफ केली, लाल डाय मारला, दहा-पंधरा मिनिटं मुरू दिला, पुसला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. लाल रेघ हळूहळू उमटत गेली आणि वळून पार खालच्या प्लेटवर पोचली. दिसत होती त्याच्या दुपटीहून जास्त. टोकाच्या पुढे ड्रिलने भोक पाडलं, म्हणजे गौजिंगच्या उष्णतेने तडा आणखी पळणार नाही. मग कार्बन रॉडने गौजिंग करत त्याचं मूळ गाठलं, पुन्हा डाय मारला आणि रेघ पुरती गेल्याशिवाय रॉड हातात घेतला नाही. गॅसच्या टॉर्चने आजूबाजूची प्लेट शंभर-सव्वाशे अंशांवर नेली आणि तापमानाच्या खडूने तपासली. सरळ, अरुंद रन ओढले, हात हलवून रुंद केले नाहीत. कोपऱ्यात कुठलाही रन सुरू केला नाही की संपवला नाही. शेवटी भाराच्या दिशेने ग्राइंड करून वेल्ड आणि प्लेट एकसारखी केली. प्रत्यक्ष वेल्डिंग दीड-दोन तासांचं, बाकी दिवस गेला तो आधीच्या आणि नंतरच्या कामात. माझं ठाम मत याच कामाने झालं: दुरुस्ती टिकणार की नाही, हे आर्क लागण्याआधीच ठरलेलं असतं.

त्या दिवशी अर्थिंगचा क्लॅम्पही आर्मवर, वेल्डच्या जवळ लावला होता. तो खाली ट्रॅकला लावला की करंट पिन, बुश आणि स्विंग बेअरिंगमधून जातो आणि आतल्या गुळगुळीत पृष्ठभागांवर खड्डे पाडतो. कंट्रोलर असलेली मशीनं आल्यापासून बॅटरीची तार सोडणं आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढणं हेही पहिलं काम झालं.

पण वरळीच्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त त्रास दमट हवेचा. आमच्या पेशात सुपरसिटोसारखा ७०१८ जातीचा रॉड वापरतात. त्याच्या लेपात ओल शिरली की आर्कमध्ये तिचा हायड्रोजन होतो आणि तो वेल्डशेजारच्या कडक झालेल्या लोखंडात मुरतो. त्या वेळी काहीच दिसत नाही. रन सुंदर दिसतो, मशीन निघून जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून तडा येतो. म्हणून हे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यायचे आणि पुढे गरम पेटीतच ठेवायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्राच्या कडेला उघड्या पाकिटातला रॉड पुन्हा भाजल्याशिवाय वापरायचा नाही. मी शिकत होतो तेव्हा आमच्या टोळीकडे ओव्हन नव्हता. रॉड नीट जळत नाही म्हणून कुणी उन्हात वाळवायचं, कुणी होल्डरला लावून करंटवर लाल करायचं. दोन्ही व्यर्थ. त्या वेळचे किती तडे निव्वळ ओलीने आले असतील, याचा विचार करून आजही जीव हळहळतो.

पुढच्या वर्षांत किनाऱ्याचं रूप पुन्हा बदललं. डिसेंबर २०१८ मध्ये सागरी किनारा मार्गाचं भूमिपूजन झालं. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची मशीनंही वरळीत आली. आमच्या हाताला काम होतं, पण मन दुभंगलेलं होतं. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बोट बाहेर काढायला नव्या मार्गाच्या पुलाच्या खांबांमधलं ६० मीटरचं अंतर पुरणार नाही, असं आमचे लोक सांगत होते. वारं आणि भरती दोन्ही एका बाजूला लोटत असताना बोट खांबापासून राखायची म्हणजे काय, ते जो सुकाणू धरतो त्यालाच कळतं. मच्छीमारांनी काम अडवलं. मी दिवसा यंत्रं दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी बंदरावरच्या बैठकीला बसायचो. दोन्ही ठिकाणी मी मनापासून होतो. अखेर अंतर १२० मीटर करायचं ठरलं. ही मागणी रास्त होती आणि ती मान्य होण्याआधी इतकी ओढाताण व्हायला नको होती.

२६ एप्रिल २०२४ ला मार्ग आणि सेतू जोडणारी १३६ मीटर लांबीची, सुमारे २००० टनांची धनुष्याकृती तुळई बार्जवरून येऊन बसली. १५ मेला दुसरी आली, १४३ मीटरची, सुमारे २५०० टनांची. भरतीची वेळ साधून ती बसवताना आमच्या धक्क्यावर गर्दी होती. मी मात्र बार्जच्या डेकवरचे आधार बघत होतो. तुळई हलू नये म्हणून खाली लावलेल्या प्रत्येक ब्रॅकेटचा वेल्ड त्या प्रवासात वजन वाहत होता.

पंचवीस वर्षांत बदललं बरंच. रॉडचा ओव्हन मोठ्या साइटवर असतो, डाय टेस्टचे डबे मिळतात, हार्डॉक्ससारखी कडक प्लेट आली तर मुलं आधी तिच्या तापमानाची मर्यादा विचारतात. क्रशरचा जबडा हाती आला की लोहचुंबक लावून बघतात. तो चिकटला नाही तर ते बहुधा मँगेनीज स्टील, आणि ते तापवायचं नसतं, उलट थंड ठेवत वेल्ड करायचं. हे ज्ञान आमच्या पिढीला फार उशिरा मिळालं.

बदललं नाही ते भाड्याचं गणित. मशीन उभं राहिलं की तासाचे पैसे बुडतात, म्हणून वेल्ड हात लावता येईल इतका गार होण्याआधी ऑपरेटर चावी फिरवतो. हायड्रोजनचा तडा दोन दिवसांनी दिसतो आणि तपासणी मात्र त्याच संध्याकाळी आटपतात. आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम सुरू आहे आणि कोळीवाड्यातली आयटीआय झालेली दोन-तीन पोरं तिकडच्या मशीनवर जातात. त्यांच्या ठेकेदाराकडे मी एवढंच मागितलंय: जाड प्लेटच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर ४८ तासांनी दुसरी डाय टेस्ट, आणि त्या वेळेचं भाडं करारातच धरलेलं. पहिल्या कलमाला त्याने होकार दिला आहे. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत.