नाळरक्ताचे प्रतिरोपण आणि सुप्त विषाणू

इ. स. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पांडुरोगाने पीडित अशा एका मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. नाळरक्तातील मूलपेशींचे हे पहिले प्रतिरोपण. हे रक्त बहुधा विषाणुमुक्तच असते. मातेच्या देहात सायटोमेगॅलो विषाणू सुप्त असला तरी गर्भापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. असे असता प्रतिरोपणानंतर विषाणुजन्य विकार इतके का उद्भवावेत? त्याचे कारण रुग्णाच्याच देहात सापडते. पूर्वीच्या संसर्गाचे विषाणू तेथे दडून राहिलेले असतात. त्यांना आवरणारी जुनी प्रतिकारशक्ती औषधांनी नष्ट केलेली असते, आणि नाळरक्तातून आलेल्या टी-पेशींना त्यांची ओळखच नसते. प्रौढ दात्याच्या अस्थिमज्जेतून अनुभवी पेशीही येतात. अर्थात हा अननुभव उपकारकही आहे, कारण त्यामुळेच ऊतकांचा मेळ काहीसा अपुरा असला तरी चालतो. सहाव्या मानवी हर्पिस विषाणूचा मेंदूदाह मात्र दारुण होय. प्रतिरोपणानंतर काही आठवड्यांतच रुग्णाची अलीकडील स्मृती लोपते. लेटरमोव्हिर या औषधास अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाल्यावर सायटोमेगॅलोचा प्रतिबंध सुकर झाला. सहाव्या हर्पिसवर त्याचा प्रभाव पडत नाही.