इंजिन मोडले कशाने?

दिवाळी झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी रंगात येते. वेचणाऱ्या बायांना शेतावर पोचवायचे, बारदाना आणायचा, दुपारची भाकर न्यायची, संध्याकाळी बाजारात जाऊन भाव विचारायचा. पूर्वी ज्या कामांना बंडी जुंपत, त्यांतली निम्मी कामे आता एका लहानशा मोटारसायकलीच्या पाठीवर आली आहेत.

अशा ऐन हंगामात एखाद्या दिवशी रस्त्यात गाडीचा आवाज एकाएकी बदलतो. ओढ कमी होते, आतून काहीतरी वाजू लागते आणि एकदम मागचे चाक धरते. किक मारावी तर पाय खाली जात नाही. गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी, तर तो एकदा पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, इंजिन सीझ झालं. खोला लागते."

मालक हात जोडतो. "मिस्त्री, कसंही करा, पण दोन दिवसांत द्या. कापूस वेचाले आला हाय."

मिस्त्री बिचारा रात्र जागतो. नवा पिस्टन पडतो, नव्या रिंगा पडतात, गाडी सुरू होते, सगळे खूश. आणि महिना-दीड महिन्यात गाडी पुन्हा त्याच दुकानाच्या दारात उभी राहते. या खेपेस खर्चही मोठा असतो, कारण आता ब्लॉकबरोबर क्रँकही गेलेला असतो.

असे का होते? मोडलेला भाग बदलला, पण तो ज्या कारणाने मोडला ते कारण तसेच आत राहिले, म्हणून. इंजिन बांधणे म्हणजे नुसते नवे भाग घालणे नव्हे. ते मोडले कशाने, हे आधी शोधायचे आणि मग पाना हातात घ्यायचा. आज मला आपल्याशी याच एका गोष्टीविषयी बोलायचे आहे.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना राजदूत आठवत असेल. पोलंडमधल्या एका गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९६२ साली काढली आणि खेडोपाडी ती फार चालली. ती टू-स्ट्रोक गाडी. तिच्यात पेट्रोल भरताना तेल मोजून पेट्रोलातच मिसळावे लागे. म्हणजे दर वेळी पेट्रोल घालताना तेलाची आठवण होणारच! पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. ती फोर-स्ट्रोक. तिचे तेल इंजिनाच्या पोटात निराळे राहते आणि एक छोटा पंप ते सगळीकडे फिरवतो. धूर गेला, पेट्रोल वाचले, पेट्रोलात तेल मिसळण्याची कटकट मिटली. पण मौज अशी की, कटकटीबरोबर आठवणही गेली. तेल डोळ्यांआड झाले आणि डोळ्यांआडचे ते मनाआड झाले. २०२० पासून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, तरी पिस्टन, रिंगा आणि तेल यांचा हिशेब मात्र तोच राहिला.

हा हिशेब किती बारीक आहे पाहा. या जातीच्या ९७.२ सीसी इंजिनात सिलिंडरचा, म्हणजे मिस्त्री ज्याला ब्लॉक म्हणतात त्याचा, आतला व्यास ५० मिलिमीटर असतो आणि पिस्टन ४९.५ मिलिमीटर वर-खाली जातो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा वर जाऊन खाली येतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉकच्या आतली नळी बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोघांमध्ये थंड असताना जागा ठेवलेली असते ती मिलिमीटरचे काही शतांश, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्याशा फटीत तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तो फाटला की पिस्टन घासतो, घासला की तापतो, तापला की आणखी फुगतो आणि शेवटी ब्लॉकला चिकटून बसतो. यालाच आपण इंजिन सीझ झाले म्हणतो.

आता इंजिन खोलू या. चांगला मिस्त्री हेड आणि ब्लॉक काढल्यावर पिस्टन लगेच कोपऱ्यात फेकत नाही. वैद्य नाडी पाहतो तसा तो पिस्टन हातात घेऊन, फिरवून पाहतो. पिस्टनवरच्या खुणा बोलतात.

पिस्टनच्या अंगावर चहूबाजूंनी रुंद ओरखडे असतील आणि कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक निळसर पडले असेल, तर तेल कमी पडले असे समजावे. ओरखडे मुख्यतः सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर उष्णता निघून जायला वाट मिळाली नसावी. हे इंजिन वाऱ्याने थंड होणारे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्लॉकवरच्या पाकळ्यांत जाऊन बसतो, वाळून दगडासारखा होतो आणि वारा अडवतो. वर खताची दोन पोती आणि मागे माणूस, मग काय विचारता! पिस्टनच्या माथ्याला भोक पडले असेल, तर गोष्ट निराळी. कुठून तरी जादा हवा ओढली जात असेल, चुकीच्या जातीचा प्लग बसवलेला असेल, किंवा ठिणगीची वेळ चुकत असेल.

आणि चौथी खूण सर्वांत फसवी. पिस्टन आणि रिंगा मळकट, निस्तेज दिसतात आणि त्यांच्यावर बारीक उभ्या रेघांची जाळी असते. ही धुळीची खूण. आपल्याकडे उन्हाळ्यात पांदणीने गाडी गेली की मागे धुळीचा लोट उठतो. वणीकडच्या खाणींच्या रस्त्यांवर तर मातीत कोळशाची भर. हवेचा फिल्टर फाटका असेल, किंवा "ओढ चांगली येते" म्हणून कुणी तो काढूनच टाकला असेल, तर ही धूळ थेट आत जाते आणि रिंगा पॉलिश कागदाने घासल्यासारख्या झिजतात. झिजलेल्या रिंगा तेल वर सोडतात, ते पेट्रोलाबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. तेलाची पातळी दिवसेंदिवस उतरत जाते. मग एके दिवशी इंजिन धरते आणि आपण म्हणतो, तेल संपले. खरे आहे, पण तेल का संपले? मूळ कारण एका फाटक्या फिल्टरात होते. कारणाच्या मागे कारण असते ते असे. नवा पिस्टन घातला आणि फिल्टर तोच ठेवला, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार.

कारण कळले की मग तपासणी. पहिला प्रश्न क्रँकचा. कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांत धरून सरळ वर-खाली हलवून पाहायचा. आडवी, म्हणजे बाजूची, थोडी हालचाल असतेच. ती मुद्दाम ठेवलेली असते. पण वर-खाली जराही खडखडाट लागला, तर मोठ्या टोकाची बेअरिंग गेली. मग सगळे इंजिन उतरवून दोन भागांत खोलावे लागते. क्रँक दाबून बसवलेला असतो. म्हणून ते काम ज्याच्याकडे प्रेस आहे आणि क्रँक सरळ फिरतो की नाही हे पाहायला डायल गेज आहे, त्याच्याकडेच द्यावे. हातोडीने ठोकून सरळ केलेला क्रँक फार दिवस टिकत नाही.

दुसरा प्रश्न आतल्या कचऱ्याचा. इंजिन सीझ होताना धातूचा चुरा उडतो आणि तेलाबरोबर फिरतो. म्हणून तेलाची जाळी, तेल गाळणारी फिरती वाटी आणि ऑइल पंप खोलून धुवावेच लागतात. हेडकडे जाणारी तेलाची बारीक वाट हवेने फुंकून मोकळी झाली की नाही ते पाहावे लागते. घाईत हेच काम राहून जाते, आणि दुसऱ्यांदा इंजिन धरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

तिसरा प्रश्न ब्लॉकचा. ओरखडे खोल असतील तर ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर करून घ्यावा लागतो. त्यासाठी ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आधी पिस्टन विकत घ्यावा, तो ब्लॉकबरोबर लेथवर द्यावा, आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावे. आधी बोअर आणि मग पिस्टन, असे उलटे करू नये. बोअर झाल्यावर होनिंग करतात, म्हणजे आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत तेल टिकते. मग ब्लॉक नुसत्या रॉकेलने पुसून भागत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन भांडे घासावे तसा तो घासावा, पांढरे फडके आतून फिरवून पाहावे, आणि फडके पांढरेच राहिले की लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावा. होनिंगच्या दगडाची भुकटी आत राहिली, तर ती धुळीहूनही वाईट.

मग जोडणी. प्रत्येक रिंग ब्लॉकमध्ये सरळ घालून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. या मापाच्या इंजिनात ती साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. फट फारच कमी असली, तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवू नयेत, तिन्ही बाजूंना वाटून द्याव्यात. पिस्टनवरची खूण पेट्रोल येण्याच्या बाजूला करावी. पिस्टनच्या पिनीची लॉके नेहमी नवीच घालावीत, आणि ती बसवताना खालचे तोंड फडक्याने झाकावे. एक लॉक आत पडले, की सगळे पुन्हा खोलणे आले! टायमिंग चेनच्या खुणा जुळवाव्यात. हेडचे नट आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकच नट एकदम आवळला तर हेड वाकडे बसते.

नवे तेल घालून लगेच गाडी सुरू करू नये. प्लग काढून किक मारत राहावी आणि वरचे टॅपेटचे झाकण उघडून तेल तेथवर पोचले की नाही, ते डोळ्यांनी पाहावे. तेल दिसले की मगच प्लग लावावा. पहिल्यांदा काही मिनिटे चालवून थंड होऊ द्यावी, मग पुन्हा चालवावी. पहिले ५०० किलोमीटर गाडी रनिंगमध्ये आहे असे समजावे. ओझे नको, एका जागी उभी करून रेस नको, घाटात वरच्या गिअरमध्ये रेटणे नको. नव्या रिंगा आणि नवा ब्लॉक यांची अजून ओळख व्हायची असते. या ओळखीत जो बारीक चुरा निघतो तो तेलात उतरतो, म्हणून पहिले तेल लवकर बदलावे. येथे तेलाचे पैसे वाचवणे महागात पडते.

आता आपल्या सर्वांच्या हातातली गोष्ट. दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी म्हणा, गाडी सपाट जागेवर मोठ्या स्टँडवर उभी करा. थोडी चालवून बंद करा आणि काही मिनिटे थांबा. तेलाची पट्टी काढा, पुसा, आणि आटे न फिरवता नुसती टेकवून पुन्हा बाहेर काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. या इंजिनात तेल असते ते लिटरभराच्या आतबाहेर. त्यातले पाव-अर्धा लिटर उडाले, तरी रस्त्यात काही कळत नाही. या गाड्यांना तेल संपल्याचा दिवाही बहुधा नसतो. पट्टी हाच दिवा. शिवाय उन्हाळ्यात फिल्टर उघडून पाहा, आणि पावसाळ्यात ब्लॉकच्या पाकळ्यांतला चिखल इंजिन थंड असताना काढा.

आणि एवढे करूनही इंजिन कधी मोडलेच, तर मिस्त्रीला घाई लावू नका. "कधी देता?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा : "मिस्त्री, हे मोडलं कशानं?" आणि काढलेला पिस्टन स्वतः हातात घेऊन पाहा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, गिऱ्हाइकाने एकदा तरी हे विचारावे, असे त्याला मनातून वाटत असते. त्या उत्तरासाठी एक दिवस जादा गेला, तरी जाऊ द्यावा. शेजाऱ्याची गाडी मागून तो दिवस निभावता येतो. तेच इंजिन महिन्याने पुन्हा बसले, तर सारा हंगाम निभावणे कठीण जाते.