बटणांचा फोन आणि ऊसतोडीची कोपी

1 ते 4 मे 2025 या दिवसांत मुंबईच्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये वेव्हज ही मनोरंजन क्षेत्राची परिषद भरली. नटनट्या, भाषणं, करार, सगळ्याच्या बातम्या भरभरून आल्या. तिच्याच निमित्ताने जाहीर झालेल्या एका साध्या, बटणांच्या मोबाईलकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. लाव्हा कंपनीच्या या फोनात सांख्य लॅब्जची एसएल-3000 ही चिप आहे आणि टीव्हीचा सिग्नल पकडणारा अँटेना. डेटा किंवा वायफाय नसतानाही प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावरून थेट चित्र यावं, ही त्यामागची कल्पना. नाव डायरेक्ट टू मोबाईल, थोडक्यात डीटूएम.

हे वाचून मला पहिल्यांदा बीड जिल्हा आठवला. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची गावं ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्याची वाट धरतो. उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पुढचे पाच-सहा महिने जगाशी नातं उरतं ते फोनपुरतं, आणि तेही रिचार्ज असेपर्यंत. मोबाईल डेटावर दर प्रेक्षकामागे वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. प्रक्षेपणात एकदा सोडलेला सिग्नल दहा जणांनी घेतला काय नि दहा लाखांनी घेतला काय, मनोऱ्याला फरक पडत नाही. कोपीतल्या माणसासाठी ही सोय मोलाची.

पण प्रदर्शनातून गावापर्यंतची वाट आपल्याकडे नेहमीच आडवळणाची राहिली आहे. भारतात टीव्ही आला तोच मुळी प्रदर्शनातून. फिलिप्सने दिल्लीतल्या एका प्रदर्शनात दाखवलेला छोटा ट्रान्समीटर सरकारला सवलतीत मिळाला, युनेस्कोने हातभार लावला आणि 15 सप्टेंबर 1959 पासून आठवड्यातून दोनदा, तासभराचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. पाहायला लोक जमत ते टेलिक्लबच्या सामायिक संचांपुढे.

त्याआधी, 1956 मध्ये, आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्याच मदतीने शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला होता. सुमारे दीडशे गावं, पाच मराठी जिल्हे, वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचं, चर्चा करायची आणि शंका पुण्याला कळवायच्या. बीड त्यात नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यात होतं.

1975-76 चा उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोगही बीडला चुकला. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत कार्यक्रम दिसले. प्रयोगाची सूत्रं कोल्हापूरचे अंतराळशास्त्रज्ञ एकनाथ चिटणिसांकडे, पण सहा राज्यांत महाराष्ट्र नाही! खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री गावात उभी राही. माझ्या मते साइटचं खरं शहाणपण उपग्रहापेक्षा जमिनीवर होतं: संच बंद पडला तर दुरुस्तीला कुणी यायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

2016 मध्ये हे शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. दूरदर्शनने औरंगाबादसह 16 शहरांत मोबाईलवर दिसणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. मनोरे तयार होते, पण फोनला वेगळं डोंगल लावावं लागे. असल्या उठाठेवीत कोण पडतो?

डीटूएममध्ये चिप फोनातच बसते, म्हणून यावेळी आशेला जागा आहे. बंगळुरू, नोएडा आणि दिल्लीचा कर्तव्यपथ इथे चाचण्या झाल्या. मात्र फोनमागे सुमारे 30 डॉलर खर्च वाढेल, अशी हरकत सॅमसंग, क्वालकॉम यांनी 2023 मध्येच घेतली. बटणांच्या स्वस्त फोनची चाल या आक्षेपावरचं उत्तर दिसते.

माझी अडचण निराळी आहे. बीडच्या आकाशवाणीचं एफएम कर्नाटकातल्या फडात ऐकू येत नाही. तिथे डीटूएमचा मनोरा उभा राहिलाच, तर त्यावरून कन्नड कार्यक्रम लागतील, आणि ते रास्तही आहे. मग कोपीतल्या बाईला मराठीतून आरोग्याची माहिती, गावाकडच्या पावसाची, वसतिगृहात ठेवलेल्या मुलांच्या शाळेची खबर कोणत्या वाहिनीवर मिळणार? हंगामापुरती एक मराठी वाहिनी बेळगाव-बागलकोटच्या मनोऱ्यांवर चढवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तिचा खर्च साखर कारखान्याने उचलायचा की प्रसारभारतीने, हे मात्र अजून कुणी कुणाला विचारलेलं दिसत नाही.