ताटातला वड जगतो कसा?

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, भोर तालुक्यात, वरवे बुद्रुक हे गाव लागते. हाच रस्ता धरून पुढे सातारा जिल्ह्यात गेले, की ‘वडाचे म्हसवे’ या गावी पोहोचता येते. तेथील वडाचा विस्तार एवढा मोठा, की गावाची ओळखच वडावरून झाली. आता वरव्यातील एखाद्या घरात, चार बोटे खोल कुंडीत, वीतभर उंचीचा वड ठेवला आहे अशी कल्पना करा. या दोन्ही वडांचे बी शेजारीशेजारी ठेवले तर कोणते कोणाचे हे सांगता येणार नाही. दोन्ही मोहरीहून लहान. मग एक वड गावाला सावली देतो आणि दुसरा ताटात मावतो, हे कसे?

अशा ताटातल्या झाडाला जपानी भाषेत ‘बोन्साय’ म्हणतात. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. मराठीत त्याला वामनवृक्ष असेही म्हणतात. ही कला मूळची चीनमधली. तेथील राजपुत्र झांगह्वाय याच्या इ.स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर, लहान झाडांचे तबक हाती घेतलेल्या सेवकांचे चित्र आहे. पुढे ही कला जपानात गेली आणि तेथे तिला आजचे रूप मिळाले. आपल्याकडेही तिचे चाहते पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात बोन्सायचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते.

लहान, पण खुजे नव्हे

बोन्साय ही झाडांची वेगळी जात नव्हे. त्याचे बी पेरले तर मोठेच झाड उगवेल. त्याला लहान ठेवतात ते दोन उपायांनी. पहिला उपाय मुळांचा. कुंडी लहान असल्याने मुळांना पसरायला जागा मिळत नाही. दर एक-दोन वर्षांनी झाड कुंडीतून काढून जाड मुळे छाटतात, म्हणजे बारीक तंतुमुळांचा झुबका वाढतो. पाणी शोषण्याचे काम ही तंतुमुळेच करतात. दुसरा उपाय शेंड्याचा. फांदीच्या टोकाशी असलेल्या कोंबात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते व ते खालच्या कळ्यांना दबवून ठेवते. टोक खुडले, की हा दाब उठतो आणि बाजूच्या कळ्या फुटतात. झाड उंच होण्याऐवजी भरदार होते.

पाने हळूहळू लहान होत जातात. फळे मात्र तशी लहान होत नाहीत! वामनवृक्षाला लागलेले लिंबू जवळजवळ नेहमीच्या लिंबाएवढेच असते.

“पण यात झाडाचे हाल होत नाहीत का?” असा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारीलच. याचे उत्तर झाडाच्या आयुष्यातच शोधले पाहिजे. जपानमध्ये १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेला एक पांढरा पाइन वृक्ष आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता. त्यातूनही तो वाचला. १९७६ साली तो अमेरिकेला भेट देण्यात आला आणि तो आता वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. नीट निगा राखली तर कुंडीतले झाड शतकानुशतके जगते. निगा चुकली तर मात्र ते एका हिवाळ्यातही मरते.

तटावरचे वामनवृक्ष

सह्याद्रीतले किल्ले पाहायला गेलात तर तटाच्या दगडांमधील भेगा निरखून पाहा. पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून तेथे वड, पिंपळ आणि उंबर उगवलेले दिसतील. मूठभर मातीत ती झाडे वर्षानुवर्षे खुरटी पण जिवंत राहतात. वडाचे आयुष्य अनेकदा दुसऱ्या झाडाच्या खोबणीतच सुरू होते. तेथे माती थोडी, सावली बरीच. त्यामुळे वडाच्या कुळातील झाडे उथळ कुंडीला चांगली सरावतात. त्यातही नांद्रुक हे झाड घरात टिकायला सर्वांत सोयीचे. त्याची पाने मुळातच लहान असतात. पण खोबणीतल्या रोपालाही आकाश दिसत असते. घरातल्या रोपाला ते कितीसे दिसते?

डोळा फसतो, पान फसत नाही

प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. उघड्यावरच्या सावलीत सुमारे १०,००० आणि खिडकीलगत, ऊन थेट येत नसेल तर, एक-दोन हजार. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात मात्र तो शंभर-दोनशे लक्सच भरतो. म्हणजे अंगणापेक्षा कोपऱ्यातला प्रकाश कित्येक शेपट कमी! आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली मोठी होते आणि डोळा अंधाराला सरावतो.

पानाचे तसे नाही. त्याचा हिशेब पोस्टातल्या बचत खात्यासारखा असतो. प्रकाशसंश्लेषणाने पान साखर बनवते, ती जमा. श्वसनासाठी झाड रात्रंदिवस साखर वापरते, तो खर्च. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च अगदी सारखे होतात, त्याला ‘समतोल-बिंदू’ म्हणू या. सावलीला सरावलेल्या झाडात तो काही शे लक्स एवढा असतो. पण दिवसा नुसते समतोल साधून भागत नाही, कारण रात्री जमा शून्य असते आणि खर्च चालूच राहतो. शोभेसाठी कोपऱ्यात ठेवलेला वड साठवलेल्या साखरेवर काही आठवडे हिरवागार दिसतो. मग पेरे लांबतात, पाने फिकट होतात आणि गळू लागतात. घरचे म्हणतात, “थंडी बाधली.” वास्तविक ती उपासमार असते.

वरव्याचे ऊन आणि लंडनचे ऊन

मग घरातली योग्य जागा कोणती? याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. वरवे सुमारे १८.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असेल? ९० मधून १८.३ आणि २३.४ वजा करा. उत्तर आले सुमारे ४८ अंश, आणि तोही दक्षिणेकडे. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटर उंच असेल आणि वर छज्जा आडवा येत नसेल, तर दुपारचे ऊन खोलीत सुमारे १.८ मीटर आत येते. २१ जूनला मात्र सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे याच खिडकीतून दुपारचे ऊन मुळीच येत नाही. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी हीच झाडाची जागा. वरव्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने असाच वड खिडकीत ठेवला आहे असे समजा. तेथील अक्षांश ५१.५. हाच हिशेब केला तर २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य जेमतेम १५ अंश वर. दिवस आठ तासांहूनही लहान, आणि त्यात ढग. बाहेर ठेवावे तर हिमतुषाराने झाड मरणार. घरात ठेवावे तर खोली तापवणाऱ्या यंत्रामुळे हवा कोरडी होणार. म्हणून तेथे दिव्याखाली रोज बारा-चौदा तास झाड ठेवतात. ओले खडे भरलेल्या तबकावर कुंडी ठेवण्याचीही पद्धत आहे, म्हणजे झाडाभोवती थोडा ओलावा राहतो.

थंडीत नेमके काय होते?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या परिसरात पहाटेचे तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. जानेवारी १९३५ मध्ये तर पुण्यात १.७ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. अशा पहाटे न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली पाहा. तेल थिजलेले असते, पण शेजारचे करडईचे तेल पातळच राहते. पेशींभोवतीच्या पटलांतही स्निग्ध पदार्थ असतात. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांची पटले थंडीत कडक होतात आणि पेशींतली देवाणघेवाण बिघडते. थंड प्रदेशातल्या झाडांच्या पटलांत पातळ राहणारी स्निग्ध द्रव्ये अधिक असतात. वरव्याच्या थंडीने वड सहसा मरत नाही, पण त्याची वाढ मंदावते आणि मुळे पाणी सावकाश घेतात.

खरा घात होतो तो येथे. माणूस उन्हाळ्यातल्या सवयीने रोज तांब्याभर पाणी ओतत राहतो. झाड पाणी कमी पिते, कुंडी चिंब राहते. मुळांनाही प्राणवायू लागतो आणि हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून पाने मलूल होतात. ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो!

उथळ कुंडीत हा धोका अधिक का असतो, हे पाहायला एक चौकोनी स्पंज घ्या. तो पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. केशाकर्षणामुळे तळाशी ठराविक उंचीपर्यंत पाणी अडकून राहते. उंची कमी असेल तर सगळाच स्पंज ओला राहतो. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज. म्हणून तिच्यात नुसती काळी माती घालत नाहीत. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरतात, म्हणजे मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते.

वर्षाचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हे वाढीचे दिवस. कुंडी बाहेर ठेवा, पण तळाची भोके उघडी आहेत ना ते पाहा. कुंडी बदलणे, मुळे छाटणे आणि फांद्यांपासून रोपे करणे ही कामे पावसाळ्याच्या आरंभी करावीत. ऑक्टोबरात ऊन कडक असते. पाण्याकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेच्या उन्हात ठेवा, खत देऊ नका, मुळे छाटू नका. मातीत बोट घालून पाहा. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्या. मोकळ्या गच्चीवर झाड असेल तर कडाक्याच्या रात्री ते वळचणीखाली घ्या, कारण उघड्या आकाशाखाली पाने हवेपेक्षाही थंड होतात. मार्च ते मे दुपारच्या झळा टाळा. या दिवसांत उथळ कुंडी एका दिवसात सुकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. झाड एकदम उन्हातून सावलीत आणू नका. उन्हातली पाने जाड असतात, सावलीतली पातळ. जागा बदलली, की वडाच्या कुळातली झाडे जुनी पाने टाकून नवी पाने काढतात. पाने गळली म्हणून लगेच झाड उकिरड्यावर टाकू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर ती फांदी जिवंत आहे. अधिक उजेड द्या, पाणी बेताने घाला आणि वाट पाहा.

करून पाहा

पावसाळ्यात नांद्रुकाच्या सारख्या लांबीच्या सहा फांद्या सारख्याच कुंड्यांत लावा. त्या रुजल्यावर नोव्हेंबरात दोन कुंड्या अंगणात, दोन दक्षिणेच्या खिडकीत आणि दोन खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. पाणी दिल्यावर प्रत्येक कुंडी वजन करून ठेवा आणि वजन ठराविक प्रमाणात घटले तरच पुन्हा पाणी द्या. दर आठवड्याला पानांची संख्या आणि नव्या दोन पानांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. फेब्रुवारीअखेर तिन्ही जागांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणत्या कुंडीला पाणी सर्वांत कमी वेळा लागले आणि का, याचे उत्तर त्या आलेखांतून तुमचे तुम्हालाच काढता येईल.