नोकरीचा बायोडाटा लग्नाच्या बायोडाटासारखा नको! रोजगार मेळाव्याला निघण्याआधी कागदावर काय लिहायचं?

तालुक्याच्या ठिकाणी रोजगार मेळावा लागला की आदल्या दिवशी सायबर कॅफेत गर्दी होते. “दादा, एक बायोडाटा काढून द्या,” एवढंच सांगायचं. कॅफेवाला जुनी फाईल उघडतो, नाव बदलतो, गाव बदलतो अन् दहा मिनिटांत प्रिंट हातात देतो. त्यामुळे एकाच गावातल्या आठ-दहा पोरांचे कागद अगदी सारखे निघतात. सगळेच ‘हार्ड वर्किंग’, सगळ्यांचे छंद ‘क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे’. घाईत कधी आधीच्या पोराच्या वडिलांचं नावही तसंच राहून जातं.

मेळाव्यात टेबलामागे बसलेल्या माणसापुढे मोठी रांग असते. एका कागदावर तो फार वेळ घालवू शकत नाही. हे कोण, काय शिकले आणि काय करता येतं, एवढंच तो शोधतो. ते पहिल्या नजरेत सापडलं नाही तर कागद गठ्ठ्यात जातो.

आधी काय काढून टाकायचं

आपल्याकडे ‘बायोडाटा’ म्हटलं की लग्नाचाच साचा डोळ्यापुढे येतो. उंची, वर्ण, जात, रास, मामाचं गाव, वडिलांची शेती किती एकर. नोकरीच्या कागदावर यातलं काहीही लागत नाही. जात किंवा प्रवर्ग सरकारी अर्जात विचारला तर तिथल्या रकान्यात भरायचा आणि त्याचा दाखला वेगळा जोडायचा. खासगी कंपनीला दाखवायच्या कागदावर त्याचं काम नाही. धर्म, वैवाहिक स्थिती, भावंडांची यादी यांचंही तसंच.

आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खाते क्रमांक तर मुळीच लिहू नये. मेळाव्यात हा कागद दहा हातांतून फिरतो, उरलेले गठ्ठे कुठे जातात ते कोणी पाहत नाही. निवड झाल्यावर कंपनी ही कागदपत्रं रीतसर मागते, तेव्हा ती द्यायची.

फोटो लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो. लावायचाच तर साधा पासपोर्ट फोटो लावा. शेतातला गॉगलवाला सेल्फी नको.

नाव, नंबर आणि ई-मेल

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहावं. आधारवर एक स्पेलिंग, मार्कलिस्टवर दुसरं आणि बायोडाटावर तिसरं, असं झालं की निवड झाल्यावर कागदपत्रं तपासताना खोळंबा होतो. फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी याकडे जास्त लक्ष द्यावं.

मोबाईल नंबर साधी गोष्ट वाटते, पण पुष्कळ संधी इथेच हुकतात. घरात एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांकडे किंवा भावाकडे. कंपनीचा फोन दुपारी येतो, वडील बांधावर असतात. “तो नाहीये, संध्याकाळी करा,” म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कंपनी पुन्हा फोन करेलच असं नाही. म्हणून स्वतःचा चालू नंबर पहिला द्यावा, घरातला दुसरा. घरच्यांना सांगून ठेवावं की अनोळखी नंबर आला तर नाव आणि कंपनी विचारून घ्या. रिचार्ज संपलेलं सिम देऊन उपयोग नाही.

ई-मेल आयडी आपल्या नावाचाच असावा. शाळेत असताना मजेत काढलेला ‘किंग ००७’ छापाचा आयडी बाजूला ठेवून नवा काढायला पाच मिनिटं लागतात. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, कारण मुलाखतीचं पत्र तिथेच येतं.

पत्ता गाव, तालुका, जिल्हा एवढा पुरे. कामासाठी दुसऱ्या शहरात राहायची तयारी असेल तर तिथेच एका ओळीत लिहावं. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या कंपन्यांना गावाकडच्या उमेदवाराबद्दल ही गोष्ट हमखास जाणून घ्यायची असते.

शिक्षण : नापास विषय लपवायचा का?

सगळ्यात अलीकडचं शिक्षण वर, दहावी खाली. प्रत्येक ओळीत अभ्यासक्रम, संस्था, वर्ष आणि टक्के. आयटीआयवाल्यांनी ट्रेड ठळक लिहावा. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, कोपा, जो असेल तो. टेबलवाला आधी ट्रेडच पाहतो.

शिक्षण चालू असेल तर ‘तिसरे वर्ष चालू’ लिहावं. एखादा विषय राहिला असेल तर ‘एक विषय बाकी’ असं सरळ लिहिलेलं बरं. कागदपत्रं तपासताना ते कळतंच, आणि तेव्हा कळलं तर विषय राहिल्यापेक्षा लपवल्याचा राग जास्त येतो.

मधल्या रिकाम्या वर्षाचंही तसंच. गावोगावच्या पोरांनी एक-दोन वर्षं पोलीस भरतीच्या तयारीत घालवलेली असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘त्या वर्षी भरतीची तयारी केली, सोबत घरची शेती पाहिली’ ही एक ओळ पुरते. मात्र “भरती निघाली की सोडून जाणार का?” हा प्रश्न येणारच. त्याचं खरं उत्तर आधीच ठरवून जावं.

‘मी तर काहीच काम केलेलं नाही’

बहुतेक विद्यार्थी अडतात ते इथेच. अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात गावात वाढलेलं पोरगं वीस वर्षांचं होईपर्यंत जेवढी कामं हाताखालून घालतं, तेवढी शहरातल्या पोरानं बघितलेलीही नसतात. ती कामं कागदावर येत नाहीत, कारण घरच्या कामाला कोणी ‘काम’ म्हणत नाही.

समजा, एक मुलगी बीकॉम करते आणि सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसते. तिच्या बायोडाटात ‘अनुभव : नाही’ असं असतं. खरं तर ती नमुना घेते, मशीनवर फॅट आणि एसएनएफ काढते, संगणकावर नोंद करते, पावती देते आणि दहा दिवसांचा हिशोब जुळवते. हेच असं लिहिता येईल : ‘दूध संकलन केंद्र, दीड वर्ष. रोज सकाळी सुमारे ६० उत्पादकांच्या दुधाची फॅट-एसएनएफ तपासणी व संगणकावर नोंद. दहा दिवसांची बिले तयार करणे.’ एवढ्या दोन-तीन ओळींतून तिला मशीन हाताळता येतं, आकडे जुळवता येतात, पहाटे वेळेवर हजर राहता येतं आणि भांडणारं गिऱ्हाईक सांभाळता येतं, हे समोरच्याला न सांगता कळतं.

ओळ लिहिताना चार गोष्टी पाहाव्यात : काम कुठलं, किती काळ, कोणत्या साधनावर आणि किती. ‘शेतीकामात मदत’ यातून काही कळत नाही. ‘तीन एकर डाळिंबाच्या ठिबकची देखभाल, फिल्टर साफ करणे, व्हेंच्युरीतून खत सोडणे, मोटारीच्या स्टार्टरची किरकोळ दुरुस्ती’ यातून पुष्कळ कळतं. ठिबकच्या कंपनीत किंवा कृषी सेवा केंद्रात अशी ओळ डोळ्यांत भरते. बचत गटाचं रजिस्टर लिहिणं, ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्यांना नोंदी करून देणं, किराणा दुकानात उधारीची वही आणि ऑनलाइन जमेचा ताळा घालणं, पोल्ट्रीत खाद्याचा आणि मरतुकीचा तक्ता ठेवणं, मंडपवाल्याकडे वायरिंग करणं, ही सगळी कामं लिहिण्यासारखीच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात जेवणाचा किंवा साहित्याचा हिशोब ठेवला असेल तर तोही लिहावा. ‘शिबिरात सहभाग’ एवढंच लिहून काही कळत नाही.

इथे एक सावधगिरी. जे केलं तेवढंच लिहायचं. दोनदा मामाच्या दुकानात बसलं म्हणून ‘विक्री व्यवस्थापन’ होत नाही. टेबलामागचा माणूस त्याच ओळीवर बोट ठेवून विचारतो. दूध केंद्र लिहिलं असेल तर “गाईच्या दुधाचा दर कोणत्या फॅटवर ठरतो?” असंही विचारू शकतो. जिनं काम केलंय ती लगेच साडेतीन आणि साडेआठ एसएनएफ सांगेल. ज्यानं नुसतं लिहिलंय तो वर बघत बसेल.

कौशल्यं : विशेषणं नकोत

‘प्रामाणिक, कष्टाळू, टीम प्लेयर’ हे शब्द काढून टाकले तरी काही बिघडत नाही. त्या जागी जे तपासता येतं ते लिहावं. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. एमएस-सीआयटी झालं असेल तर वर्ष. एक्सेल येतं म्हणजे नेमकं काय येतं, बेरीज, फिल्टर की आणखी काही. टॅली येत असेल तर त्यात कुठल्या नोंदी केल्या. आयटीआयवाल्यांनी व्हर्नियर, मायक्रोमीटर, लेथ, मल्टिमीटर, मेगर यापैकी खरोखर हाताळलेली साधनं. दुचाकी किंवा ट्रॅक्टरचा परवाना असेल तर तोही. कबड्डी जिल्हा पातळीवर खेळली असेल तर लिहावी, नुसता छंद म्हणून नको.

वरती ‘सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन’ असं जे छापलेलं असतं, त्याचा अर्थ विचारला तर फार थोड्यांना सांगता येतो. त्यापेक्षा ‘इलेक्ट्रिशियन ट्रेड, शिकाऊ उमेदवारीसाठी’ ही साधी ओळ चांगली. कंपनीसाठी कागद इंग्रजीत असलेला बरा, पण तो आपल्याला वाचून समजावता येईल इतक्या सोप्या इंग्रजीत. आधी मराठीत लिहायचं, मग कॉलेजच्या सरांकडून किंवा मॅडमकडून इंग्रजी तपासून घ्यायचं. एकच पान पुरे.

कुठल्या अर्जाला कोणता कागद

इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि सरकारी प्रशिक्षण योजना यांत गल्लत होते. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली येते. त्यात करार होतो, विद्यावेतन मिळतं, आणि आयटीआयच्या ट्रेडमध्ये मुदत पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. ती केली असेल तर तारखांसह लिहायलाच हवी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बारावी पाससाठी महिना ६ हजार, आयटीआय व पदविकेसाठी ८ हजार आणि पदवीधरांसाठी १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी आली, सुरुवातीच्या नियमांत तीही पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बंदच होती. योजनांचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारून घ्यावं. कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी नव्या अभ्यासक्रमातलं कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, ही जवळची वाट आहे. तालुक्यातली पतसंस्था, साखर कारखाना, सीएचं ऑफिस, बाजार समिती इथे बायोडाटा घेऊन स्वतः जाऊन विचारता येतं.

महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करताना रकान्यात भरलेली माहिती आणि हातातला बायोडाटा जुळला पाहिजे. पोर्टलवर दोन वर्षांपूर्वीची बारावीच आणि कागदावर पदवी, असं असेल तर पदवीची जागा आली तरी पोर्टलवर तुमचं नाव पुढे येणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी

पाच-सहा प्रिंट, झेरॉक्स वेगळ्या, मूळ कागदपत्रं पिशवीत. मूळ मार्कलिस्ट कोणाच्याही ताब्यात द्यायची नाही, दाखवून लगेच परत घ्यायची. सरकारी मेळाव्यात नोंदणीला पैसे लागत नाहीत. ‘ट्रेनिंग फी’, ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट’, ‘फाईल चार्ज’ म्हणून कोणी क्यूआर कोड पुढे केला तर तिथून उठावं. पैसे गेलेच तर सायबर मदतीचा क्रमांक १९३० आहे, त्यावर लगेच फोन करावा.

बायोडाटा देताना आपणही विचारायचं असतं. नोकरी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडून? हातात किती पडतील? पीएफ कापतात का? राहायची सोय आहे की खोली आपली आपण बघायची? बारा हजारांत खोली, मेस आणि बस धरली तर घरी किती पाठवता येईल, हा हिशोब गावाहून निघण्याआधीच करावा.

फाईल कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरवर न ठेवता आपल्या मोबाईलमध्ये पीडीएफ म्हणून ठेवावी, फाईलला आपलं नाव आणि ट्रेड द्यावा. व्हॉट्सॲपवर मागितली की दोन मिनिटांत पाठवता येते. आणि आपल्याजवळ उरलेल्या प्रतीच्या मागे लिहून ठेवावं : कोणती कंपनी, कोणाशी बोलणं झालं, काय पगार सांगितला, कधी फोन करतो म्हणाले. आठवडाभरात फोन आला नाही तर त्याच नंबरवर स्वतः करावा.