नामसादृश्य आणि कीर्तीची वांटणी

नांव एक आणि धनी अनेक, ही अडचण आमच्या पुराणांसही चुकलेली नाहीं. राम तीन प्रसिद्ध आहेत. परंतु दाशरथि राम, जामदग्न्य राम आणि बलराम असें म्हणतांच कोणाचा पराक्रम कोणाच्या पदरीं घालावयाचा, याविषयीं शंका उरत नाहीं. कोठें पित्याचें नांव जोडलें, कोठें बळ. आणि आमच्या कोंकणभूमीचा जो राम, त्याची ओळख तर हातांतील परशूनेंच पटते. आज ज्ञानकोशकारांपुढें हाच प्रश्न क्रीडापटूंच्या निमित्तानें उभा आहे.

ज्ञानकोशांत एका मथळ्याखालीं एकाच व्यक्तीचें चरित्र असावें लागतें. दोघांचीं नांवें जुळलीं, कीं मथळ्यापुढें कंसांत कांहीं विशेषण देणें भाग पडतें. मराठी विकिपीडियानें या कामास 'निःसंदिग्धीकरण' असें भारदस्त नांव दिलें आहे. व्यवसाय भिन्न असल्यास काम सोपें. उमेश कुलकर्णी म्हटल्यावर कोणास 'वळू' (२००८) या चित्रपटाचे दिग्दर्शक आठवतील. परंतु १९४२ सालीं अलिबागेस जन्मलेले व भारतातर्फे चार कसोटी सामने खेळलेले गोलंदाज उमेश कुलकर्णी निराळे. तेथें 'क्रिकेटपटू' हा एक शब्द पुरतो.

खेळही एकच असला म्हणजे पंचाईत होते. ऑस्ट्रेलियातर्फे कसोटी सामने खेळलेले स्टीव्ह स्मिथ दोन. दोघेही फलंदाज, दोघेही न्यू साउथ वेल्सचे. मग जन्मसालाचा आश्रय घ्यावा लागतो : एकाचें १९६१, दुसऱ्याचें १९८९. मात्र जन्मसाल कोशकारास सोयीचें असलें, तरी वाचकाच्या स्मरणांत तें क्वचितच असतें. पहिल्या आद्याक्षराचा आधारही लंगडाच. नुसतें 'एस. पाटील' लिहिलें, तर ते १९५५ सालीं न्यूझीलंडविरुद्ध आपला एकमेव कसोटी सामना खेळलेले कोल्हापूरचे सदाशिव रावजी पाटील, कीं १९८१ सालीं ॲडिलेड येथें १७४ धांवा काढणारे संदीप मधुसूदन पाटील?

आमच्या मतें याचा उपाय आपल्या घरांतच आहे. स्वतःचें नांव, पित्याचें नांव आणि आडनांव अशी त्रिपदी लिहिण्याची महाराष्ट्राची चाल आहे. ज्ञानकोशकार केतकर देखील श्रीधर व्यंकटेश या पूर्ण नांवानेंच ओळखले जातात. जेथें गरज नाहीं तेथें हा भार अर्थातच नको. आमच्याच जिल्ह्यांत राजापुरास जन्मलेले दिलीप वेंगसरकर यांस कोणत्याही विशेषणाची आवश्यकता नाहीं. परंतु त्याच नांवाचा दुसरा धनी निघाला, तर प्रथम मधलें नांव लिहावें. तेंही जुळल्यास मग जन्मसाल आहेच.

हें केवळ शब्दपांडित्य नव्हे. आम्ही शिक्षक असतां एका वर्गांत एकाच नांवाआडनांवाचे दोन विद्यार्थी होते. हजेरीपटावर पित्याचें नांव असल्यामुळें तेथें कधीं घोटाळा झाला नाहीं. वार्षिक क्रीडास्पर्धांची यादी करतांना मात्र आम्हीं घाईनें तेवढेंच गाळलें. शर्यतींतील पहिला क्रमांक खाडीपलीकडून तरीनें शाळेस येणाऱ्या मुलाचा होता. प्रशस्तिपत्र गेलें दुसऱ्याकडे. मुलगा त्या वेळीं कांहीं बोलला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं रस्त्यांत भेटला, तेव्हां नमस्कार करून हंसत म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशीं पहिला मी आलों होतों, हें तुम्हांला तरी ठाऊक आहे ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. यादींतील एका शब्दाचा आळस आमचा होता. त्याची किंमत मात्र त्यानें भरली.

थोरामोठ्यांच्या धांवा मोजणारे पुष्कळ असतात. लहानांचा हिशेब एकदां चुकला, कीं तो सुधारणारा कोणी भेटत नाहीं. म्हणून वडील मंडळींस आमची एवढीच विनंती, कीं घरांत मुलाचें वा मुलीचें प्रशस्तिपत्र आलें म्हणजे तें चौकटींत बसविण्यापूर्वीं त्यावर संपूर्ण नांव आहे कीं नाहीं, तें पाहावें. नसल्यास दुसऱ्याच दिवशीं शाळेंत जावें. आमच्यासारखा एखादा मास्तर त्याबद्दल तुमचे आभारच मानील.