पश्चिमेची भिंत

नागपूरचा उन्हाळा म्हटला की आपण आकाशाकडे बोट दाखवतो. 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला, त्याची आठवण अजून निघते. पण रात्री अकराला जीव कासावीस होतो तेव्हा आकाशात सूर्य नसतो. त्या वेळी आपल्याला भाजते ती आपल्याच घराची भिंत.

महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवून पाहा. माती-विटांच्या, एवढ्या रुंद की खिडकीत माणसाने खुशाल मांडी घालून बसावे. दुपारचे ऊन त्यातून आत पोहोचेपर्यंत रात्र उलटून जाई आणि तोवर त्याचा दमही गेलेला असे. आता फ्लॅटची बाहेरची भिंत नऊ इंचांची, कुठे कुठे सहाच. नऊ इंच विटांतून उष्णता आत यायला साधारण सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन नेमके झोपेच्या वेळी उशाशी येऊन उभे राहते. केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’त भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे, चौरस मीटरला 15 वॅट. पण ती नव्या इमारतींसाठी. आपण राहतो त्या केव्हाच बांधून झाल्या!

नवतपाच्या सुमारास नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी स्लॅबचे पाहावे. गच्चीला पांढरा चुना फासण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मधल्या मजल्यावर मात्र खरी वैरीण पश्चिमेची भिंत. (पूर्वेलाही ऊन पडतेच, पण सकाळी हवा तरी निवलेली असते.) तिला बाहेरून सावली देता आली तर उत्तमच. पण फ्लॅटमध्ये बाहेरची बाजू आपल्या एकट्याची नसते. मग उरते ते आतून अस्तर.

आमच्याकडे त्या खोलीत आई झोपते. वय अठ्ठ्याहत्तर. या वयात घाम कमी येतो, तहान लागत नाही, उष्मा अंगात भिनला तरी उशिरा कळते. कूलर रात्रभर चालू असूनही ती पलंग भिंतीपासून हातभर ओढून घ्यायची. शेवटी एका मार्चमध्ये फॉल्स सीलिंगचे काम करणारा मिस्त्री बोलावला.

काम चार दिवसांचे. भिंतीवर पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात थर्माकोल, वर साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड, सांध्यांवर टेप आणि पुट्टी. थंड देशांत थर्माकोल चिकटवलेले तयार बोर्डच मिळतात. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, इथे बाहेरची आत येऊ नये म्हणून. एक इंच थर्माकोल उष्णता अडवण्यात जवळपास पावणेदोन फूट विटांची बरोबरी करतो.

तरीही वाड्याची भिंत परत मिळाली असे समजू नये. ती रात्रीचा गारवा साठवून ठेवी. हे अस्तर फक्त अडवते. दिवसा खिडकी उघडी राहिली की खोली पूर्वीइतकीच तापते.

दुसरी गोष्ट ओलीची. भिंत पावसात पाझरत असेल तर आधी बाहेरून प्लास्टर दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर बोर्डाच्या मागे बुरशी धरते आणि दिसत नाही. कूलरचा दमट झोत थेट बोर्डावर नको. थर्माकोल उघडा तर कधीच ठेवू नये, तो जळतो. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी बांधलेले असते, त्यामुळे बोर्ड आगीला काही वेळ तरी थोपवतो. आणि विजेच्या वायरी पाइपातूनच न्याव्यात. थर्माकोलला टेकून राहिल्या तर त्यांचे प्लास्टिक कडक होऊन खराब होते.

त्या मे महिन्यात रात्री दहाला तळहात लावून पाहिला, तर भिंत इतर तिघींसारखीच लागली. आईने पलंग पुन्हा कडेला सरकवला. खोली अडीच इंचांनी लहान झाली, आणि बोर्डाला जड फळी पेलत नाही म्हणून तिची औषधांची मांडणी दुसऱ्या भिंतीवर गेली. कॅलेंडरपुरता खिळा मात्र चालतो.